अंतराळवीराच्या हनुवटीवरचा डाग

खेळण्यांना आंघोळ घालण्याच्या बाबतीत माझ्या मोठ्या दिरांचा हात धरणारा माणूस उभ्या मुंबईत सापडायचा नाही. लग्न होऊन मी ठाकूरद्वारच्या घरी आले आणि पहिल्याच रविवारी मोरीत डोकावले, तर टॉवेलवर प्लॅस्टिकचे सैनिक, पैलवान, यंत्रमानव ओळीने आडवे पडलेले. मला वाटलं, घरात लहान मूल आहे आणि मला कुणी सांगितलंच नाही. भावोजी तेव्हा पन्नाशीचे, अविवाहित, विमा कचेरीत अधिकारी. बाहुल्या म्हटलेलं त्यांना खपत नसे. "ॲक्शन फिगर म्हण गं." ॲक्शन मी एकाचीही पाहिली नाही, सगळे आपले काचेच्या कपाटात उभे. पाणी कोमटच हवं, साबणाचा एकच थेंब, ब्रश तान्ह्या बाळाचा. स्पिरिट लावलं की भुवया गेल्याच. गुडघ्यात लोखंडी स्क्रू असलेल्याला बुडवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, आणि सुकवायचं सावलीत. मला सर्दी झाली तेव्हा मात्र म्हणाले, "जरा उन्हात बस." माणसाला ऊन आणि पैलवानाला सावली, हे माझ्या डोक्यात कधी नीट शिरलं नाही.

त्यांचा सगळ्यात लाडका होता एक अंतराळवीर. खोताच्या वाडीतल्या शाळासोबत्याचे वडील बोटीवर नोकरीला होते. त्यांनी लहानपणी आपल्या मुलाला आणि भावोजींना अगदी सारखे अंतराळवीर आणून दिले होते. सोबत्याचा लगेच चौपाटीच्या वाळूत हरवला, यांचा राहिला. त्याच्या हनुवटीवर निळसर डाग होता. तो मळ की मूळचा रंग, हे भावोजींना ठरवता येईना. मळ असेल तर काढायला हवा, रंग असेल तर घासल्यावर कायमचा गेला. ते त्याला आमच्या दाताच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेले. डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि सवयीने विचारलं, "दुखतं का?"

गेल्या वर्षी तो सोबती निरोप घ्यायला आला. मुलीकडे ऑस्ट्रेलियाला चालला होता, कायमचा. भावोजींनी कपाट उघडलं. सोबती अंतराळवीराकडे बघतच राहिला.

"ही दाढी मीच काढलेली, बॉलपेननी. तुझा कुठला, माझा कुठला, कळायला नको?"

"मग हा तुझा?"

"असणार. वाळूत गेला तो तुझा. अदलाबदल झाली रे आपली."

भावोजी गोंधळून कधी हनुवटीकडे, कधी मित्राकडे पाहत होते. "राहू दे तुझ्याकडेच," सोबती म्हणाला. पण ते उठले, अंतराळवीराला मऊ सुती कापडात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"दाढीला हात लावू नकोस. बाकी कोमट पाणी."

सोबती मान खाली घालून नुसता हो हो म्हणत राहिला. भावोजी त्याला घरापर्यंत पोचवून आले, ते थेट स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसले.

"तिकडचं पाणी कसं असतं गं?"

ऑस्ट्रेलियाच्या पाण्याबद्दल मला काय माहीत असणार? "चांगलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.