अडॅप्टर आणि आईचा आवाज

आमच्या कात्रजच्या बुद्धविहारात दर रविवारी आई बुद्धवंदना सांगायची. ती एक ओळ म्हणणार, बाकीचे तिच्या मागून. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज बारीक झाला. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, सुधारेल. नेमका तेव्हाच विहारातल्या अँप्लिफायरचा माइकचा सॉकेट मोडला. समितीतल्या एका निवृत्त अधिकारी काकांनी कोणालाही न विचारता अडॅप्टर आणला आणि माइक मागच्या ऑक्समध्ये खुपसला. तिथे आम्ही एरवी गाण्यांसाठी मोबाइल जोडतो. पिन बसली, काका खूश.

त्या रविवारी आईचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही. वंदना सगळ्यांची तोंडपाठ, त्यामुळे मागचे लोक न थांबता म्हणत सुटले आणि आईच्या आधी संपवून बसले. मग काकांनी माइक तपासला. त्यांना मुळात माइक लागतच नाही, तेव्हा तो उत्तम चालला. ताईंनी आता आराम करावा, पुढच्या रविवारपासून वंदना मी सांगतो, असं त्यांनी अगदी आदरानं सुचवलं.

घरी आल्यावर आई बोलेचना. स्वयंपाकघरातून मला व्हॉट्सअॅप करायची, जेवायला ये. दोन खोल्यांचं घर आमचं. मला काकांचा असा राग आला की काही विचारू नका.

माइकमधून येणारा सिग्नल अगदी किरकोळ असतो, ऑक्सला मोबाइलसारखा तगडा लागतो. अडॅप्टरनं पिन बदलते, जोर वाढत नाही. हे काकांना समजावलं, तर ते म्हणाले, "माझा येतो की!" पुण्यात यापुढे वाद घालायचा नसतो. मी बुधवार पेठेतून छोटा प्रीअँप आणला, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवून पुढे देणारी डबी, आणि ती मध्ये जोडली. आईला रविवारी जवळजवळ ओढतच नेलं.

तिनं त्याच बारीक आवाजात पहिली ओळ म्हटली. मागच्या रांगा थांबल्या. तिची ओळ पूर्ण झाल्यावरच सगळे म्हणाले, हात जोडून बसलेले काकासुद्धा. नंतर ते मला म्हणाले, बघ, अडॅप्टर चांगलाच होता. 

संध्याकाळी मी मोबाइल घेऊन लोळत होते. स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, चहा गार होतोय."

मी मुद्दाम उठले नाही. दुसऱ्या हाकेला ती चांगलीच खेकसली.