दिंडोरीच्या शेडमधलं साप्ताहिक

माझी उमेदीची वर्षं परदेशांत बातमीदारी करण्यात गेली. दुसऱ्यांच्या लढाया, दुसऱ्यांची इस्पितळं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकला परतले, कॉलेजात शिकवू लागले आणि जिल्ह्यातल्या जुन्या वृत्तपत्रांचा इतिहास लिहायला घेतला.

एका साप्ताहिकाचे अंक कुठल्याच वाचनालयात मिळेनात. संपादक कधीच वारले होते. त्यांच्या पत्नी दिंडोरीजवळ मुलाकडे असतात आणि सगळे अंक त्यांच्यापाशी आहेत, असं कळलं. मुलाला फोन केला.

"या की," तो म्हणाला. "लय रद्दी हाय."

मी गेले तेव्हा द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. मुलाच्या बागेतल्या शेडमध्ये बाया पेट्या भरत होत्या. कोपऱ्यात पोत्यावर बसून एक म्हातारी पेट्यांच्या तळाशी अंथरायला कागद फाडत होती. त्याच संपादकांच्या पत्नी. आणि फाडत होत्या ते त्याच साप्ताहिकाचे अंक.

मी शेजारी टेकले. "आजी, हे अंक..."

"याचे छपाईचे खिळे, एकेक अक्षर, मी जुळवायची," त्या म्हणाल्या. "आमचे हे लिहायचे, मी जुळवायची. बोटं काळी व्हायची." हात थांबले नाहीत.

"मग फाडता कशाला?"

उत्तर मागून आलं. मुलगा येऊन उभा होता. "बाजारात रद्दी मिळती की, मॅडम. पण आम्हाला उपाशी ठेवून बापानं हे छापलं, अन् हिनं त्याला साथ दिली. आता हिच्याच हातानं फाडू द्या."

पेट्या भरणाऱ्या एकाही बाईनं मान वर केली नाही.

"उरलेले मला द्या," मी म्हणाले.

"न्या ना. आज लागतील तेवढे हिला फाडू द्या, राहतील ते तुमचे."

मी थांबले. त्या मुद्दाम सावकाश फाडू लागल्या, ते माझ्या लक्षात आलं. त्याच्याही आलं.

"आई, हात चालव."

संध्याकाळी एकच गठ्ठा उरला. तो माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "पहिली वर्षं गेली गं. तीच बरी होती."

काही वर्षांनी पुस्तक आलं, तेव्हा त्या नव्हत्या. प्रकाशनाला मुलगा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आला. वडिलांच्या त्यागावर माईकवरून बराच वेळ बोलला. आईचं नावही घेतलं नाही. खाली येता येता मला हळूच म्हणाला, "मॅडम, पुढच्या आवृत्तीत माझं नाव टाका. अंक मीच जपले ना."

आयोजकांनी माझ्या हातात शाल दिली. त्याचा सत्कार मीच करायचा होता. मी केला.