कृष्णाबाईची ओटी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. ओळखत असता, तर जीभच रेटली नसती.

आमचं गाव इस्लामपूरच्या पुढं, कृष्णाकाठी. आईचा सगळा जन्म त्या पाण्यावर गेला. ऊस, धुणं, भांडी, सगळं. नदीला ती ‘बाई’ म्हणायची, शेजारणीला म्हणावं तसं. आमच्याकडं बायका खण-नारळानं नदीची ओटी भरतात. पण आईचं वेगळंच. “हितं भरायची म्हंजे सासरी भरल्यागत. एकदा तिच्या म्हायेरात जाऊन भरायची हाय मला.”

म्हायेर म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर. मी फौजेत होतो. पुढच्या सुट्टीत जाऊ, पुढच्या सुट्टीत जाऊ — असं करत नऊ वर्षं काढली. शेवटी नेलं. महादेवाचं दर्शन झालं, पंचगंगेच्या देवळात गोमुखाखाली तिनं ओंजळ धरली. पण एकट्या कृष्णाबाईचं जुनं देऊळ जरा बाजूला आहे, आणि तिचे गुडघे बोलायला लागले होते. तिला एका कट्ट्यावर बसवलं. म्हणालो, “तू बस. पायऱ्या किती हायत बघून येतो, मग हाताला धरून न्हेतो.”

गेलो. आणि — काय सांगू तुम्हाला? काळा दगड, त्यावर शेवाळ, आणि माणूस एक नाही. दगडी गाईच्या तोंडातून बारीकशी धार कुंडात पडत होती. समोर खोल दरी, धुक्यानं भरलेली. आमची शिवारं भिजवणारी, पुरात आमची घरं बुडवणारी — ती ही? एवढीशी? फौजेत मी बर्फाचे डोंगर पाहिलेत, पण असा हललो नव्हतो. धारेखाली डोकं धरलं. रडलो. देवाधर्माचं मी कधी फार मनावर घेतलं नव्हतं, तरी रडलो.

दीड तास बसलो. आई आठवली नाही का? — गोम इथंच आहे. आठवली. दोनदा आठवली. वाटलं, तिला आणलं की ती बोलत बसणार, ओटीचं सामान मांडणार, आणि हे जे मला सापडलंय ते मोडणार. म्हणून उठलो नाही.

वर आलो तेव्हा दिवस कलला होता. पायऱ्या मोजक्याच होत्या, तिला सहज जमल्या असत्या. पण आता एवढा वेळ कुठं होतो, हे काय सांगायचं? तोंडातून निघून गेलं, “देऊळ बंद हाय, आई. कुलूप हाय.”

तिनं माझ्या डोक्याकडं पाहिलं. पदरानं ते पुसलं. “खाली धुकं लय हाय व्हय रं?”

मी व्हय म्हणालो.

तिला कळलं होतं का? विचारायचं धाडस माझं झालं नाही, आणि आता ती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन ती गावच्या घाटावर गेली. नारळाची पिशवी माझ्याच हातात होती. पाण्यात उतरून तिनं खण सोडला, तांदूळ सोडले, नारळ सोडला. मग नदीला म्हणाली, “तुझ्या म्हायेरचं दार बंद हुतं गं बाई. पोरानं जाऊन बघितलं. आता हितंच गोड मानून घे.”

मी शेजारीच उभा होतो. रिकामी पिशवी हातात धरून.