गुरुशांतचं नाक

सोलापुरातून बार्शी रोडला लागलं की तासाभराच्या आत गुरुशांत बिराजदारची चार एकर द्राक्षबाग येते. बागेच्या टोकाला पत्र्याची शेड, शेडमध्ये स्टीलच्या चार टाक्या, आणि एवढ्याशा पसाऱ्यावर बोर्ड मात्र ‘वायनरी’ असा ऐटबाज. भवानी पेठेतल्या पेंटरानं तो रंगवताना दोनदा विचारलं होतं, "अण्णा, म्हंजे दारूच की?" गुरुशांतनं दोन्ही वेळा चहा मागवला होता.

या भागात अशी घरच्या घरी चालवलेली ठिकाणं आहेत तीन-चारच, पण एकाचं दुसऱ्यासारखं नाही. एकजण डाळिंबाची वाइन करतो, ती इतकी गोड की लग्नात सरबत म्हणून खपावी. दुसरा जांभळाची करतो. ती प्यायलेल्या माणसाची जीभ दोन दिवस खोटं बोलू देत नाही. गुरुशांतच्या वाइनला कडब्याचा वास येतो. वाळलेल्या ज्वारीच्या ताटांचा, उन्हात तापलेला, किंचित गोडसर. कुणी म्हणतं शेडला टेकून कडब्याची गंज असते म्हणून, कुणी म्हणतं तो विकतचं यीस्ट घालत नाही, द्राक्षांच्या सालीवर जे येतं त्यावरच रस आंबवतो म्हणून. खरं काय ते देव जाणे. पण त्या वासासाठी पुण्याची श्रावणी देशमुख दर आषाढात गाडी घेऊन येते, टाक्या हुंगून बघते आणि अर्धा माल आपल्या दुकानासाठी उचलते.

हा वास धरून ठेवणारं यंत्र एकच होतं, गुरुशांतचं नाक. घरात दुसरं कुणी वाइनला शिवत नाही. घराणं गळ्यात लिंग घालणारं. बायको धनलक्ष्मी अक्कलकोटच्या बाजूची. तिच्या वडिलांनी लग्नाच्या बैठकीतच अट घातली होती, की पोरगी बागेत राबेल, पण शेडचा उंबरा ओलांडणार नाही आणि त्या विषयाचा शब्द तोंडातून काढणार नाही. अठरा वर्षं तिनं ती पाळली. शेडला ती ‘तितं’ म्हणायची. "तितं गेल्यात," एवढंच ती पाहुण्यांना सांगायची. गुरुशांत स्वतःही घोट तोंडात फिरवून थुंकायचा. प्रयोगशाळेत बाटली पाठवा असं कुणी सुचवलं की हा नाकावर बोट ठेवायचा, "ह्ये काय मग शोभेला हाय?"

ते आता शोभेलाच उरलं होतं. दिवाळीत ताप आला, चार दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. सात रस्त्यावरच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "येईल. कदाचित नाही येणार." गुरुशांतनं ते वाक्य कुणालाच सांगितलं नाही. वायनरीवाल्याचं नाक गेलं हे कळलं तर उद्या दारात कोण उभं राहील? फेब्रुवारीत द्राक्षं आली, रस निघाला, आंबला. सगळं त्यानं मोजपट्टीवर आणि आठवणीवर रेटलं. अडलं की हरिबाला विचारायचा. हरिबा त्याचा जुना गडी, चोवीस तास गालात तंबाखू. "वास कसा येतुय रं?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "झ्याक!" याच्यापुढं डिझेल धरलं असतं तरी झ्याकच म्हणाला असता.

टाकीत जागा मोकळी राहिली की आत हवा साचते आणि हवेनं वाइन आंबट पडते. म्हणून एका टाकीतली वाइन काढून बाकीच्या तोंडापर्यंत भरून घ्यायच्या, ही तिथली रीत. तीन नंबरची टाकी यंदा अर्धीच होती. आठ दिवसांपूर्वी गुरुशांतनं तिच्यातलीच वाइन पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टाकीत ओतली, तळाशी थोडी उरली. दरवर्षी ओतण्याआधी तो दहादा हुंगायचा. यंदाही हुंगलं. सवय कुठं जाते?

आज सकाळी श्रावणी यायची होती, अकराच्या सुमाराला. नऊ वाजता गुरुशांतनं शेड उघडली आणि तीन नंबरच्या नळापाशी त्याला चिलटं दिसली. काळी, गच्च, नळाला लगडलेली. चिलटं कशावर येतात हे त्याला नाकाशिवायही माहीत होतं. पेल्यात थोडी घेऊन त्यानं तोंडात धरली. आंबट लागली. पण वास गेल्यापासून त्याला सगळंच नुसतं आंबट, तुरट नाहीतर खारट लागत होतं. बायकोच्या हातचं जेवणसुद्धा.

"हरिबा, बघ की जरा."

"झ्याक हाय की मालक."

गुरुशांतला रडू फुटायचंच बाकी राहिलं. तो तसाच घराकडं पळाला. धनलक्ष्मी भाकरी थापत होती. तिचं नाक साऱ्या वस्तीत नावाजलेलं. दूध नासायच्या आधी तिला कळायचं, तिसऱ्या घरातली भाकरी करपली तर ही इथून हाक मारायची.

"लक्ष्मी, चल. शेडमदी चल माज्यासंगं."

तिचा हात परातीतच थांबला. "मी? तितं?"

मग त्यानं सांगून टाकलं. ताप, डॉक्टर, नऊ महिने. उभ्या उभ्या, एका दमात, चोरी कबूल करावी तसं.

धनलक्ष्मीनं परात बाजूला सारली. "त्या दिशी चटणी खाताना म्हणालासा, काय लसणाचा वास सुटलाय," ती म्हणाली. "सोमवार हुता. लसूण न्हवताच चटणीत. मला वाटलं, चेष्टा करताय." तिचे डोळे भरले आणि पाठोपाठ रागही आला. "नऊ म्हैनं तोंडावर खोटं बोललासा? मी काय परकी हाय व्हय?"

"चुकलं. पर आता चल. पाया पडतो."

तिनं हात धुतले, गळ्यातल्या लिंगाला स्पर्श केला आणि निघाली. शेडच्या उंबऱ्याशी क्षणभर थबकली, मग आत पाऊल टाकलं. गुरुशांतनं तीन नंबरचा पेला पुढं केला. तो तोंडापर्यंत न्यायची गरजच पडली नाही.

"शिरका झालाय ह्याचा."

त्यानं एक नंबरचा पेला दिला. तिनं हुंगला आणि मान हलवली. "ह्यातबी हाय." दोन नंबर. "ह्यातबी." चौथा पेला त्यानं घाईनं पुढं केला आणि निम्मा तिच्या पदरावर सांडला. तिनं पदरच नाकाशी नेला. "हितंबी तेच," ती हळू म्हणाली. "कडब्याचा वास कुटंच न्हाय."

गुरुशांत चौथ्या टाकीला पाठ लावून खाली बसला. वर्षभराचं सगळं त्या चार टाक्यांत होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं नासवलं होतं. हरिबा दारातून सरकून बाहेर गेला.

मग त्याच्या डोक्यात आलं. "कडब्याचा वास तुला गं कसा ठावं? तू तर कदी आत आली न्हाईस."

"तुमची कापडं कोण धुतंय?" धनलक्ष्मी म्हणाली. "अठरा वर्सं तोच वास येतुय कापडास्नी. यंदा बदलला. ह्योच, शिरक्याचा. पंदरा दिस झालं की."

"पंदरा दिस?"

"व्हय. आदी वाटलं, इचारावं. मग म्हटलं, तितल्या गोष्टीचं आपण तोंडातनं काडायचं न्हाय. वडलांस्नी शबूद दिलाय." ती त्याच्याशेजारी टेकली. "अवो, तवाच सांगितलं असतं तर वाचलं असतं का काय?"

पंधरा दिवस. ओतून झाले होते आठ. तिनं सांगितलं असतं किंवा यानं विचारलं असतं, तर एक टाकी गेली असती आणि तीन राहिल्या असत्या. रस्त्याकडून श्रावणीच्या गाडीचा हॉर्न वाजला. धनलक्ष्मी उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाय," गुरुशांत म्हणाला. "तवाच गेलं हुतं समदं." आणि तो फाटक उघडायला उठला.