मेंढरांमागं न जाणारा भाऊ

करोनातून उठून माझा मोठा भाऊ परभणीच्या दवाखान्यातून घरी आला, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. भाऊ चारठाण्याजवळ राहतो, मेंढ्या राखतो. दिवसभर कळपामागं चालणारा माणूस. माझं सासर ताडकळसचं. वहिनीला हाताशी कोणी हवं म्हणून मी माहेरी येऊन राहिले होते.

एका सकाळी तो बाजेवरून उठला आणि लगेच परत बसला. डावी पोटरी सुजून टणक झाली होती, कातडी नुसती चकाकत होती.

"लय पडून होतो ना, शीर धरली असंल," तो म्हणाला.

वहिनीनं चोळायला तेल गरम करायला ठेवलं. तेवढ्यात बसल्या जागी त्याला धाप लागली. ओठ काळवंडले. "बाई, छातीत टोचायलंय," एवढंच माझ्याकडं बघून बोलला.

शेजाऱ्याच्या जीपमधून आधी जिंतूर, तिथून पुन्हा परभणी. डॉक्टरांनी सांगितलं, आजार गेला, पण जाताना रक्तात गाठी करून गेला. पायातल्या गाठीचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकलाय. पाय अजिबात चोळायचा नाही.

"मग आमी काय करायचं?" वहिनीनं विचारलं.

"औषध चालू आहे. तुम्ही थांबा."

अडलेल्या मेंढीचं कोकरू हात घालून सोडवणारी ती बाई. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली आणि आपल्याच हातांकडं बघत राहिली. आत काचेपलीकडं भाऊ श्वासाशी झगडत होता, आणि आम्ही दोघी नुसत्या बसलो होतो.

भाऊ वाचला. पण पहिल्यासारखा झाला नाही. अंगणातून गोठ्यापर्यंत गेला तरी मटकन खाली बसायचा. संध्याकाळ झाली की पाय सुजायचा. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज घ्यायच्या, आणि कुठं कापू-खरचटू द्यायचं नाही. लोकर कातरायच्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्यानं कातर हातात घेतली. आम्ही नको नको म्हणेपर्यंत अंगठ्याला जरासं लागलं. एरवी त्यानं अंगठा तोंडात धरून सोडून दिलं असतं. त्या दिवशी फडक्यामागून फडकं भिजत गेलं. त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर त्यानं कातर मागितली नाही.

दिवाळीनंतर कळप चराईला बाहेर काढायची वेळ आली. तो चुलतभावाच्या हवाली करायचं ठरलं. चुलतभाऊ कळप देवगाव फाट्याच्या अंगानं नेणार होता. भाऊ दारात बाज टाकून बसला. मेंढ्या निघाल्या, थोडं पुढं गेल्या आणि थबकल्या. म्होरकी मागं वळली, तिच्यामागं बाकीच्या. चुलतभावानं हाळी दिली, काठी आपटली. त्या पुन्हा भावाच्या बाजेभोवती येऊन उभ्या.

दोनदा तसंच झालं. भावानं म्होरकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला बोलायला दम पुरत नव्हता.

"बाई, मला आत ने," तो म्हणाला. "मी दिसायलोय तवर त्या जायच्या न्हाईत."

मी आणि वहिनीनं त्याला दोन्हीकडून धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर खुरांचा आवाज लांब लांब जात होता. भाऊ भिंतीकडं तोंड करून पडला होता. वहिनी त्याच्या सुजलेल्या पायाशी बसली होती, पायाला हात न लावता.