सतराव्या प्रश्नाला बंद झालेला नळ

बाई विद्यापीठात लिंगभाव आणि संस्कृती हा विषय शिकवतात. सव्वीस वर्षं झाली, चार पुस्तकं झाली, पण घरात त्यांच्या विषयाचं नाव कुणाच्या तोंडी धड बसलं नाही. शेजारणीनं विचारलं की सासूबाई सरळ सांगायच्या, "आमची सून नवऱ्यांचा अभ्यास करते. दुसऱ्यांच्या." त्यावर बाईंचे यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "घरचा केव्हाच तपासून झालाय. नापास."

खरं तर सुरुवातीला नापास व्हायची पाळी बाईंवरच आली होती.

तेव्हा त्या पीएच.डी. करत होत्या. संसारातले पुरुष स्वतःबद्दल काय बोलतात, हा विषय. बाईंनी तीस घरं गाठली, तीस बाहेरच्या खोल्यांत टेपरेकॉर्डर मांडला आणि तीस नवऱ्यांना तेच बावीस प्रश्न विचारले. नियम असा की मुलाखत नवऱ्याची एकट्याची हवी. बायका शहाण्यासारख्या उठून आत जायच्या. पण आत सगळं ऐकू यायचं. नवरा म्हणे, "सकाळचा चहा मीच करतो," की आतून, "कधी?" तो मुलांच्या अभ्यासावर बोलू लागला की आतून, "धाकटी कितवीत आहे ते विचारा." बाई घरी टेप ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवायच्या आणि अशा प्रत्येक जागी कंसात 'अडथळा' लिहायच्या.

मार्गदर्शक सरांनी कागद चाळले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तीस मुलाखतींत चारशे अडथळे. एकट्याची अशी एकही नाही. बाद, बाई. पुन्हा करा."

प्रबंध द्यायला चार महिने उरले होते. तो वेळेत गेला नाही तर कॉलेजातली त्यांची हंगामी नोकरी दुसऱ्याला मिळणार, हे ठरलेलं. बाई घरी आल्या, टेपांची पिशवी टेबलावर ठेवली आणि चप्पलही न काढता खुर्चीत बसल्या.

सासूबाई मटार सोलत होत्या. "तोंड का उतरलंय?"

"सगळ्या टेपा वाया गेल्या, आई."

"लाव बघू एक. वाया गेलेलं कसं वाजतं ते मलाही कळू दे."

बाईंनी टेप लावली. सासूबाई रंगून ऐकू लागल्या. "कधी?" आलं तेव्हा त्यांनी मटाराची शेंग वर करून दाद दिली. मग सतरावा प्रश्न आला. तुमचं प्रेम आहे, हे तुम्ही बायकोला कधी बोलून दाखवलंत का? नवरा नुसता खाकरत राहिला.

"परत लाव," सासूबाई म्हणाल्या.

"इथे काही नाही, आई. इथे अडथळासुद्धा नाही."

"तेच सांगतेय. मघापासून आत नळ वाहत होता. आता बंद केलाय तिनं. ऐकायला थांबलीय ती."

बाईंनी दुसरी टेप लावली. मग तिसरी. आठवडाभर दोघी सासू-सुना त्या टेपांना कान लावून बसल्या. तीसपैकी तेवीस घरांत सतराव्या प्रश्नाला आतलं सगळं थांबत होतं. एकीकडे शिवणयंत्र चाललं होतं, तेही मध्येच गप्प झालं. मग नवऱ्याचं "त्यात काय सांगायचं?" आलं की नळ पुन्हा सुरू. आधीपेक्षा जोरात.

बाईंनी 'अडथळा' हा शब्द चारशे ठिकाणी खोडला. पानाला दोन रकाने पाडले, डावीकडे बाहेरची खोली, उजवीकडे आतली. मग पुन्हा तीस घरं पालथी घालून बायकांची परवानगी आणली. एक म्हणाली, "छापा की. माझं ते 'कधी?' तेवढं मोठ्या अक्षरात येऊ द्या."

सरांनी नवे कागद वाचले.

"हे नळाचं तुमच्या लक्षात आलं?"

"सासूबाईंच्या."

"हं. माझ्या घरी मुलाखतीला आला नाहीत, हे बरं केलंत."

प्रबंध वेळेत गेला. नोकरी राहिली, पुढे पक्की झाली, आणि उजवा रकाना बाईंच्या चारही पुस्तकांत मुक्कामाला आला.

गेल्या महिन्यात त्यांची एक विद्यार्थिनी तेच बावीस प्रश्न घेऊन घरी आली. आजचे नवरे काय म्हणतात ते तिला बघायचं होतं. यजमान बाहेर बसले, बाई नियमाप्रमाणे आत कप विसळायला गेल्या. "सकाळचा चहा मीच करतो," असं ऐकू आलं. बाईंनी जीभ चावली.

सतरावा प्रश्न आला. बाहेर सामसूम. बाईंनी खाली बघितलं, तर त्यांचा हात नळावर होता आणि नळ बंद.

बाहेरून यजमानांचा आवाज आला, "आता लिहून घ्या. मी नळ बंद व्हायचीच वाट बघत होतो."

पुढे ते काय बोलले, ते डाव्या रकान्यात आहे. उजव्यात त्या मुलीला काहीच लिहिता आलं नाही. नळ बराच वेळ सुरू झाला नाही.