दोन भिंती त्याच्या, दोन माझ्या

मुलीकडचे गुरुवारी घर बघायला येणार होते, म्हणून रविवारी सकाळीच मी पुढच्या खोलीतलं सामान अंगणात काढलं. खोलीला वर्षानुवर्षं चुन्यावर चुना मारलेला. जागोजागी पोपडे आलेले. सांगलीत शाळेवर लागून मला दोन वर्षं झाली होती, घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे स्थळ मला मनापासून हवं होतं.

मोबाइलवर बघून मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं. जुना चुना पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचा, भेगांत पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, मग प्रायमर आणि शेवटी रंग. माझा थोरला भाऊ दारात उभा राहून बघत होता. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो नुकताच कुंडलला, ह्याच घरी परतला होता.

"ह्यो काय खेळ लावलाय रं?"

"भिंत तयार करतोय, दादा."

"भिंत तयारच हाय. साहेब यायच्या आदल्या दिशी आमी चुना मारायचो, खालनं गेरूचा पट्टा. दगडं, झाडं, समदं चकाचक. कुणी कागद घासत बसलं न्हाई."

"इथं कुणी साहेब येत नाही."

"तू हायस की!"

आतून वहिनी ओरडल्या, "भावजी, दुधात चुना पडतोय. लगीन तुमचं आन् खोकला आमाला!"

संध्याकाळपर्यंत माझी एकच भिंत खरवडून झाली. "अशानं पुढच्या साली लगीन हुतंय तुझं," तो म्हणाला. मग मीही बोललो, "इथं तुझी पलटण नाही, हुकूम सोडायला."

"पलटण व्हती म्हणून तू बी. ए. झालास."

ते खरं होतं. त्याच्या पगारावरच मी शिकलो. ते मी विसरलो नाही, विसरणारही नाही. पण ज्या आवाजात तो हे म्हणाला, त्या आवाजाचे उपकार मानायला मी तयार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं बादलीत चुना कालवला आणि समोरच्या दोन भिंतींना न खरवडताच मारायला लागला. "ह्या दोन माझ्या. हात लावायचा न्हाई."

तीन दिवस आम्ही एकमेकांकडे पाठ करून राबलो. शिडी हवी असली तर निरोप वहिनींमार्फत. बुधवारी माझ्या दोन भिंती बदामी, गुळगुळीत झाल्या. त्याच्या दोन पांढऱ्याफेक, खाली लाल पट्टा. कोपऱ्यात तो पट्टा मुद्दाम वीतभर माझ्या भिंतीवर आणलेला. मी ओल्या फडक्यानं पुसला. गुरुवारी सकाळी तो परत तिथंच होता.

मुलीचे वडील फलटणकडचे ऊसवाले शेतकरी. खुर्चीत बसले आणि चारी भिंतींवर त्यांची नजर फिरली. "दोन दोन रंगांची आता फॅशन हाय काय?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "फॅशन कसली, पावणं! त्या दोन शिकलेल्याच्या, ह्या दोन अडाण्याच्या. आमचा चुना साहेबास्नी चालत न्हाई."

"चुना नाही, तुझी अरेरावी चालत नाही," मी बोलून गेलो. पाहुण्यांच्या देखत.

पाहुण्यांनी चहा संपवला आणि ते उठले.

शनिवारी मध्यस्थाचा फोन आला. मुलगा चांगला, नोकरी चांगली. पण सख्ख्या भावांना एका खोलीला एक रंग लावता येत नाही, त्या घरात आमच्या पोरीनं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं, असं त्यांनी विचारलं होतं.

फोन ठेवला, पत्र्याची पट्टी घेतली आणि दादाच्या भिंतीकडे गेलो. तो आडवा आला.

"तुझ्या तोंडापायी नकार आला," मी म्हणालो.

"आन् तू काय मुका व्हतास?"

"बाजूला हो."

"न्हाई हुत. काय करतुयास?"

त्याच्या डोक्याच्या वर, जिथवर हात पोचला तिथं, मी पट्टी टेकवली आणि खरवडायला लागलो. चुना त्याच्या केसांत, खांद्यावर पडत होता. तो हलला नाही. मीही थांबलो नाही.